नोरीन पास्कोला बघायचंच असतं

नोरीन पास्को पोकर वाईट खेळते, हे हेंडरसन शहरात कुणालाही विचारा. कॉपर म्यूल कसिनोत सकाळी आठला जे टेबल लागतं, तिथं तर विचारायचीही गरज नव्हती. तिनं खुर्ची ओढली की बाकीच्यांचे चेहरे उजळायचे. आली का! ये, ये, काल कुठं होतीस? वाट बघून बघून थकलो आम्ही. इतकं प्रेम तिच्यावर तिच्या नवऱ्यानंसुद्धा केलं नसेल. अर्थात हे प्रेम फुकटचं नव्हतं, दर आठवड्याला तिचे शंभरेक डॉलर त्यात जायचे.

तीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. पाठीमागं साठ पोरं आणि डोक्यावर एक आरसा. कुणी कुणाच्या केसांत च्युइंगगम चिकटवलं हे कळल्याशिवाय तिला गाडी पुढं न्यायला जमायचंच नाही. भर रस्त्यात कडेला थांबवून म्हणायची, "कोण ते? सांगा, मला संध्याकाळपर्यंत वेळ आहे." ती सवय निवृत्तीनंतर जाणार कुठं? पोकरच्या टेबलावर आली. समोरच्यानं पैसे वाढवले की शहाणा माणूस म्हणतो, याच्याकडे भारी पत्ते दिसतात, सोडा. नोरीन म्हणायची, याच्याकडे आहे तरी काय? आणि ते बघायचा मार्ग एकच, तेवढे पैसे आपणही मध्ये घालायचे. घालायची. समोरचा पत्ते उलटे करून दाखवायचा, हिचे पैसे जायचे, आणि वर ही म्हणणार, "हं! वाटलंच होतं मला."

"वाटलंच होतं तर घातलेस कशाला, बये?" शेजारी बसलेला आल्विन टीग कपाळावर हात मारायचा.

"बघायचं होतं."

हा आल्विन सत्तरीचा. बावीस वर्षं त्यानं याच खोलीत पत्ते वाटले, मनगटं गेली तेव्हा टेबलाच्या या बाजूला येऊन बसला. नियम त्याला मुखोद्गत. कुणी पाळी सोडून बोललं, कुणी चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, दोन हप्त्यांत सरकवल्या, की वाटणारीच्या आधी हा हरकत घ्यायचा. माणूस कटकट्या, पण नोरीनचा खरा मित्र तोच.

तर या नोरीनचं घोडं अडलं होतं ते असं. गेल्या वर्षी नवरा गेला तेव्हा त्याची मासेमारीची बोट विकून तिला सहा हजार डॉलर मिळाले. ते तिनं पोकरसाठी बाजूला काढले. तिची लेक ट्रूडी दूर, थंडीतल्या ओमाहात राहते. ट्रूडीला आईचं कसिनोत बसणं साफ नामंजूर होतं. खूप रडारड, आदळआपट झाली, आणि शेवटी ठरलं: बोटीचे पैसे असेपर्यंत खेळ, पेन्शनला हात लावायचा नाही, आणि ते संपले की इथलं घर मोडून ओमाहाला यायचं. तिथं तळघरातली खोली रंगवून तयार होती. खिडकी होती म्हणे, पण जमिनीच्या पातळीवर, म्हणजे माणसांचे बूट दिसणार. नोरीननं एकदा जाऊन पाहिली आणि परत आल्यावर आल्विनला म्हणाली, "मी तिथं मरेन रे. थंडीनं नाही, कंटाळ्यानं." या शहरात तिचं दुसरं कुणी नव्हतं. ती होती ती या आठ-नऊ माणसांत, सकाळी आठ ते दुपारी एक.

आणि यंदाच्या एप्रिलमध्ये सहा हजारांतले बाराशे उरले.

तेव्हा कुठं बाई हादरली. आल्विनला म्हणाली, "शिकव मला." आल्विन आठ वर्षं याच वाक्याची वाट बघत होता. खेळ उठल्यावर दोघं कसिनोच्याच उपाहारगृहात अंडी-बटाटे घेऊन बसायची आणि तो तिच्या त्या दिवसाच्या चुका एकेक करून सोलून काढायचा. दश्शीची जोडी घेऊन शेवटपर्यंत का गेलीस? त्या एसीवाल्या एफ्रेननं तिसऱ्यांदा पैसे लावले तेव्हा तुझ्या डोक्यात काय होतं? काही नव्हतं? मला वाटलंच. ती अंडी चिवडत ऐकायची, कधी चिडायची, एकदा तर काटा आपटून निघून गेली. पण दुसऱ्या दिवशी परत आली.

सगळ्यात जास्त धडे झाले ते ड्वेन ओस्टरमनवर. ड्वेन म्हणजे निवृत्त प्लंबर, लिंबू पिळलेलं गरम पाणी पीत बसणारा, तासाला एखादा डाव खेळणारा. दगड परवडला. त्यानं उभ्या आयुष्यात कधी थाप मारली नव्हती.

"ड्वेननं एकदा वाढवलं, तर विचार कर," आल्विन म्हणायचा. "दुसऱ्यांदा वाढवलं, तर विचारसुद्धा करू नको. टाक पत्ते."

"माझ्याकडे चांगले असले तरी?"

"काहीही असू देत! काहीही! कळलं का? ड्वेन दुसऱ्यांदा उठला की तू हरलेलीच आहेस."

आता तुम्ही म्हणाल, पत्ते टाकणं यात काय मोठं? अहो, करून बघा! आठ वर्षं जिला बघितल्याशिवाय घास उतरला नाही, तिनं पत्ते पालथे सारायचे, समोरच्यानं हसत ढीग ओढायचा, आणि त्याच्याकडे काय होतं ते मरेपर्यंत कळणार नाही! पहिले पंधरा दिवस तिला झोप लागेना. एकदा टाकले आणि एफ्रेननं मुद्दाम आपली थाप उघडी करून दाखवली, तेव्हा ती त्याला जे बोलली ते इथं लिहिण्यासारखं नाही. हा एफ्रेन चाळिशीचा, घरोघरी एसी दुरुस्त करणारा. लहानपणी नोरीनच्याच बसमधून शाळेत जायचा, म्हणून आजही तिला "नोरीनबाई" म्हणायचा. जुलैच्या ऐन हंगामात त्याच्या व्हॅनचं इंजिन बसलं होतं, गॅरेजवाल्यानं सहा हजार सांगितले होते, आणि एरवी अधूनमधून येणारा बिचारा आता रिकामटेकडा रोज सकाळी येऊन बसत होता.

शिकता शिकताही पैसे जातच होते. चूक कळली म्हणून लगेच सुटते असं थोडंच आहे? जुलैच्या त्या मंगळवारी ती खेळायला आली तेव्हा बोटीचे शेवटचे तीनशे डॉलर तिच्यापुढं होते. आल्विनला तिनं सांगितलं होतं, ट्रूडीला नव्हतं.

अजून एक गोष्ट सांगायची राहिली. त्या खोलीत जिंकलेल्या प्रत्येक ढिगातून वाटणारी एक डॉलर काढून टेबलाच्या भोकात टाकते. तो जातो हरणाऱ्याच्या जॅकपॉटला. तीन एक्के आणि एक जोडी, इतके भारी पत्ते असूनही जर कुणी हरला, म्हणजे समोरच्याकडे चार सारखे निघाले, तर तो जॅकपॉट फुटतो. अर्धा हरलेल्याला, पाव जिंकलेल्याला, आणि उरलेला टेबलावरच्या बाकी सगळ्यांना वाटून. आकडा भिंतीवर लाल दिव्यांत लावलेला असतो. त्या मंगळवारी होता एक लाख चौऱ्याऐंशी हजार. अटी दोन. डाव शेवटपर्यंत जायला हवा, म्हणजे दोघांनीही पत्ते उघडे दाखवायचे. आणि डाव चालू असताना त्या जॅकपॉटबद्दल कुणी अवाक्षर काढायचं नाही. कुणी खोकून खुणावलं तरी सगळं रद्द. तीन वर्षं तो फुटला नव्हता. नोरीनची खुर्ची त्या भिंतीला पाठ करून होती.

दहाच्या सुमाराला जोसीनं, म्हणजे त्या दिवशीच्या वाटणारीनं, नोरीनला दोन पत्ते दिले. तिनं कोपरा उचलला. बदाम एक्का. दुसरा उचलला. चौकट एक्का.

तिनं पत्ते पालथे दाबून धरले. बाकीच्यांनी एकेक करत पत्ते टाकले, आल्विननंही टाकले. उरला एकटा ड्वेन; त्यानं वाढवून दहा डॉलर केले, नोरीननंही तेवढे घातले. जोसीनं मध्ये सगळ्यांना वापरता येणारे तीन पत्ते उघडले: किलवर एक्का, आणि बदाम, चौकट असे दोन राजे. म्हणजे नोरीनकडे तीन एक्के आणि राजांची जोडी झाली की! आठ वर्षांत असा हात तिनं बघितला नव्हता. पण आल्विननं शिकवलं होतं तशी हात मांडीवर ठेवून बसली. चौथा पत्ता नव्वी, पाचवा तिर्री. दोन्ही कामाचे नाहीत.

तिनं मोजून पन्नास डॉलर पुढं सरकवले.

ड्वेननं गरम पाण्याचा घोट घेतला, पेला खाली ठेवला, आणि म्हणाला, "सगळे." दोन्ही हातांनी त्यानं आपला अख्खा ढीग पुढं लोटला. नोरीनला बघायचं असेल तर उरलेले दोनशे चाळीस घालावे लागणार होते.

डावाच्या सुरुवातीला त्यानं वाढवलं होतं ते एकदा. हे दुसऱ्यांदा.

नोरीननं पत्ते पुन्हा उचलून पाहिले. खाली ठेवले. पुन्हा उचलले. दोन एक्के होते तिथंच होते. पूर्वीची नोरीन असती तर आतापर्यंत पैसे कधीच मध्ये गेले असते. हिला हरवणारी एकच गोष्ट होती, ड्वेनच्या हातात उरलेले दोन्ही राजे. एकाच माणसाकडे दोन्ही? पण तो ड्वेन होता. ड्वेन दुसऱ्यांदा उठतो तो कशावर? दोनशे चाळीस डॉलर. ते गेले की बोट संपली. डोळ्यांसमोर तळघराची खिडकी आली आणि तिच्यातून जाणारे बूट.

तिनं आल्विनकडे पाहिलं. आल्विनचा चेहरा जांभळा झाला होता. ओठ घट्ट मिटलेले, डोळे खोबणीतून बाहेर यायला झालेले, टेबलाखाली गुडघा थडथड उडत होता. तो तिच्याकडे असा काही बघत होता की तिला वाटलं, बिचाऱ्याचा जीव कासावीस झालाय. आपण पुन्हा माती खाणार अशी भीती वाटतेय त्याला. धडा आठव म्हणतोय.

"नोरीन, तुझी पाळी," जोसी म्हणाली.

"माहीत आहे गं. थांब की जरा."

आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, हातात जगातला सर्वांत सुंदर हात असताना, नोरीन पास्कोनं दोन्ही पत्ते पालथे पुढं सारले. "घे. तुझा डाव."

जोसीनं ते टाकलेल्या पत्त्यांच्या ढिगात मिसळून टाकले. आल्विनच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला.

"अरे देवा!" ड्वेन ओरडला. आठ वर्षांत त्याचा आवाज कुणी एवढा चढलेला ऐकला नव्हता. त्यानं पत्ते धाडकन उलटे आपटले. इस्पिक राजा, किलवर राजा. "चार राजे! चार! आणि ही टाकते! आज टाकते! जी बाई दुर्रीवर पैसे घालते, ती आज टाकते!"

नोरीन हसली.  बरोबर! आपण बरोबर ओळखलं! तिला उठून नाचावंसं वाटलं.

"हिच्याकडे एक्के असते तर?" एफ्रेन म्हणाला आणि भिंतीकडे बोट करून शिटी वाजवली. "दोन एक्के, शेवटपर्यंत डाव, आणि फुटला असता की आज! प्रत्येकाला किती रे? साडेसहा हजार! माझं इंजिन, वर दोन टायर."

नोरीननं मान मागं वळवून पाहिलं. एक लाख चौऱ्याऐंशी हजार. लाल दिवे तिच्या पाठीमागं आठ वर्षं जळत होते, दर डावाला ती त्यात भर घालत होती, आणि त्या दीड मिनिटात तो आकडा तिच्या मनात एकदाही आला नव्हता. हरली असती तर ब्याण्णव हजार. हरायचं होतं! फक्त बघायचं होतं, रोज बघते तसं! 

"होते," ती म्हणाली.

"काय होते?"

"एक्के. दोन होते माझ्याकडे. बदाम आणि चौकट."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आणि मग असा हशा उसळला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली.

"हो, हो, आणि माझ्याकडे विमान आहे," ड्वेन म्हणाला.

"अरे खरंच होते! जोसी, त्या ढिगातले वरचे दोन उलटून दाखव त्यांना!"

"टाकलेले पत्ते मला उलटता येत नाहीत, नोरीन. तुला माहीत आहे."

"मी सांगते ना! मी ओळखलं, याच्याकडे राजे आहेत म्हणून टाकले! आल्विन, सांग यांना!"

एफ्रेनचं हसू थांबलं होतं. तो तिच्याकडे रोखून बघायला लागला होता. आल्विननं घसा खाकरला.

"एक्का आणि सत्ती होती तिच्याकडे," तो म्हणाला. "मी पाहिली. ही पत्ते उचलते ते सगळ्या गावाला दाखवत. इस्पिकची सत्ती."

"आल्विन!"

"बाई, पुरे आता. चांगले टाकलेस, त्यात समाधान मान. कथा रचू नको."

एफ्रेनचे खांदे सैल पडले. कुणीतरी म्हणालं, खोटं बोलायलाही पत्ते झकास निवडले हं. नोरीन तिथंच चिप्स सोडून उठली आणि तरातरा बाहेर चालू लागली.

बाहेर डांबर वितळायला आलं होतं. ती आपल्या गाडीपाशी उभी राहून दाराला लाथा घालत होती. मागून आल्विन लंगडत आला.

"खोटारडा!" ती किंचाळली. "सत्ती? कुठली सत्ती? आठ वर्षांत एक गोष्ट मी धड केली, एक! आणि तू सगळ्यांसमोर मला खोटं पाडलंस!"

"दोन एक्के होते," आल्विन म्हणाला. "बदाम आणि चौकट. दोनदा दाखवलेस मला."

नोरीनचा पाय हवेतच थांबला.

"मग?"

"मग काय मग? एफ्रेनचं तोंड बघितलंस? त्याला खरं वाटायला लागलं होतं. खरं वाटलं असतं, तर त्या टेबलावर तुला पुन्हा कुणी बसू दिलं असतं? नियमानं बसली असतीस, पण तुझ्याशी बोललं असतं कोण? सात माणसांचे प्रत्येकी साडेसहा हजार, नोरीन! गेली असतीस महिनाभरात ओमाहाला, आपल्या पायांनी." बोलता बोलता त्याचा आवाज फाटला. "आणि माझे? माझेही साडेसहा हजार होते त्यात! बावीस वर्षं वाटली पानं, एकदाही कुणी मला तेवढे दिले नाहीत! मी तिथं बसलोय, एक्के दिसताहेत, राजे त्याच्याकडे आहेत हे मला माहीत आहे, आणि तू माझ्याकडे बघतेस! आणि मला हूं म्हणून चालत नाही!"

"मला वाटलं तू टाक म्हणतोयस."

"टाक म्हणतोय!" आल्विन मटकन गाडीच्या बोनेटवर बसला आणि चटका बसून लगेच उठला. "घाल म्हणत होतो! अक्षरशः देवाचा धावा करत होतो, की हिला आज बघावंसं वाटू दे!"

"तूच म्हणालास, काहीही असू देत. काहीही!"

आल्विननं रुमाल काढून मान पुसली.  दोघं गाडीच्या हातभर सावलीत उभी राहिली.

"मग आता यातून मी शिकायचं काय?" नोरीननं विचारलं. आवाजात राग नव्हता उरला, रडू होतं. "घातले तर चूक. टाकले तर चूक. सांग ना. तू गुरू ना माझा?"

"मला नाही माहीत," आल्विन म्हणाला. "आत चल. अर्ध्या तासाच्या वर खुर्ची राखत नाहीत."

दोनशे चाळीस डॉलर टेबलावर होते. ती मनाशी म्हणाली, सरळ उचलावेत, ट्रूडीला फोन करावा आणि बॅग भरावी. आत गेली, खुर्ची ओढली, बसली. थंड हवेनं घाम अंगावरच सुकला. ड्वेन अजून पुटपुटत होता.

"रागावू नका हं, नोरीनबाई," एफ्रेन तिच्याकडे वाकून म्हणाला. "आम्ही जरा जास्तच हसलो. पण कसं आहे, मघाशी एक मिनिट मला खरंच वाटलं. छातीत धडधडायला लागलं माझ्या. नव्हते ना खरंच?"

सगळे तिच्याकडे बघत होते. आल्विन आपल्या चिप्स एकावर एक रचत होता आणि त्या सारख्या पडत होत्या.

"काय वेडा आहेस रे," नोरीन म्हणाली. "दोन एक्के हातात असते, तर मी टाकले असते होय? मी?"

टेबल पोट धरून हसलं, ड्वेनसुद्धा. एफ्रेननं मोठा श्वास सोडला, हात वर करून तिच्यासाठी कॉफी मागवली, आणि आणणाऱ्या मुलीला आपल्या खिशातून बक्षिशीचा डॉलर दिला.